बाबलकाकांची हमी

गेल्या गणपतीच्या आदल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, तोंडवलीच्या बाबलकाकांवर अन्याय झाला. तोवर इंटरनेटवर 'पेडवे' शोधलं की पहिला यायचा तो काकांचा मासळीचा ब्लॉग. त्या सकाळी तो चौथ्या पानावर सापडला. पहिल्या जागी कुठल्याशा गोठवलेल्या मासळीची जाहिरात, आणि तिच्यात पेडवे म्हणून चक्क बांगड्याचा फोटो!

मी काकांच्या शेजारची, मच्छीमारांसाठी पत्रकं काढणारी मुलगी. शत्रू समोर दिसला की मला बरं वाटतं. इथे शत्रूला काकांनीच घरात घेतलं होतं.

बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसाचा नियम एकच: "आधी पाणी, मगे गजाली." दारात पोस्टमन येवो नाहीतर मत मागणारा, आधी तांब्या पुढे, गप्पा नंतर. ब्लॉगलाही तोच नियम. प्रतिक्रिया आली की उत्तर जाणारच. 'टकलावर केस उगवा, इथे दाबा' असं लिहून कोणी लिंक टाकून गेला, तर खाली काका: 'पत्र पावले. माझे वय सदुसष्ट, आता केस नकोत. मालवणास आलात तर जेवूनच जा.' रमीवाल्याला त्यांनी कळवलं की आमच्याकडे पत्त्यांचा डाव फक्त गणपतीत बसतो.

"काका, ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत! पुसा सगळं!"

"दारात इलेल्याक भायर काढू? माज्याच्यान होवचां नाय."

मग मी समजावलं. लिंक म्हणजे शिफारस. शोधयंत्र शिफारशी बघून क्रम लावतं. तुमच्या पानावरून त्या केस उगवणाऱ्या तेलवाल्याकडे लिंक गेली, की तुमची पत त्याच्यामागे उभी राहते आणि संशय तुमच्यावर येतो. नव्या ब्लॉगांत याचा बंदोबस्त आपोआप असतो. काकांचा जुना, घरी बांधलेला. म्हणून लिंकला 'नोफॉलो' हा शब्द जोडायचा. अर्थ असा, की हा पत्ता पाहुण्याने ठेवलाय, मी हमी घेत नाही.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणी देतलंय, हमी घेवचंय नाय! आधी सांगूक काय झालां तुका?"

आठवडाभर एका बोटाने त्यांनी लिंकमागून लिंकला नोफॉलो लावलं. सरपंचांच्या लॉजला लावलं. माझ्या पत्रकाच्या लिंकलासुद्धा! मी जाब विचारला.

"मोरीक काटे आसतत असां लिवलंस, चेडवा. हमी कशी घेव?"

चूक माझीच होती. मोरी म्हणजे शार्क, तिला काटे नसतातच.

मग मी सगळं तपासलं. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक लिंक मोकळीच होती. "काका, ही राहिली," म्हणत मी कीबोर्डकडे हात नेला. त्यांनी तो अलगद बाजूला केला.

लिंक उघडली. सुमतीकाकीचा पाककृतींचा ब्लॉग. काकी जाऊन चार वर्षं झाली. शेवटची पाककृती पेडव्याचं तिखलं. खाली एकच प्रतिक्रिया, काकांची, गेल्या महिन्यातली: 'मीठ किती घालतंस गो?'

"तिच्याकडे जावक माज्याकडसूनच वाट आसा," काका म्हणाले. "माजां पान खाली गेलां तर तिचां बुडतलां. हेची हमी माजी."

काकांचं पान आता पुन्हा वर सरकतंय. पण एका माणसाच्या हमीवर काकी किती दिवस तरणार? वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. तुमचा ब्लॉग असेल, गावच्या मंडळाची वेबसाइट असेल, तर काकीचं तिखलं करून बघा. जमलं, तर त्याच दिवशी तिच्या पानाची लिंक द्या. आणि नोफॉलो लावू नका.