मानपूर रुसलं

आमच्या ऑफिसातले बापू दिघे कॉम्प्युटरला नावानं हाक मारत. तीही अशी खणखणीत, की रस्त्यावरची गाय वळून बघेल. "देवास!" म्हणून ओरडायचं, एक बटण दाबायचं आणि देवास डेपोच्या कॉम्प्युटरनं उत्तर दिलं की मिशीवरून हात फिरवायचा.

बापू आधी मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडली तेव्हा बरोबरीच्या लोकांनी पोह्यांच्या गाड्या लावल्या. बापू सुदामा नगरच्या एका क्लासात पोराटोरांत बसून कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत चिकटले. इथे त्यांनी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. फोनच्या तारेवरून ती एकेका डेपोच्या कॉम्प्युटरला विचारायची, बाबा रे, चालू आहेस का? होकार आला की पडद्यावर 'हुकुम' उमटे. नाही आला की 'रुसला'.

"भिया, मशीन बिगडत नाही कधी. नाराज होते," ते मला सांगत. "जाके बात करायची तिच्याशी." मानपूर रुसलं की तिथल्या कारकुनाला फोनवर फैलावर घेत, "अरे, पंखा त्याच्याकडे फिरव! तू काय मरतोस का गर्मीनं?"

सेठजींना हा सगळा तमाशा वाटे. त्यात खंडेनवमी आली. सकाळी आपल्या मशीनला हार घालण्याआधी बापूंनी हाका मारल्या आणि देवास, धार, खंडवा, मानपूर, सगळे ओळीनं रुसलेले!

"दिघेजी, ये क्या है?" सेठजी कडाडले.

"पूजा है, सेठजी. हत्यार पुजलं की त्या दिवशी हात नाही लावायचा. मीच बोललो सगळ्यांना, हार घालून बंद ठेवा म्हणून."

"ट्रक की करो, तलवार की करो! कॉम्प्युटर की पूजा?" सेठजींचा आवाज छत्रीबागेपर्यंत गेला असेल. "कल दस बजे चारों चालू नहीं मिले, तो आप भी घर बैठकर पूजा करना!"

आम्ही तोंड दाबून हसलो. बापू हसले नाहीत. दिवसभर आपल्या मशीनवरच्या झेंडूकडे बघत राहिले, चहासुद्धा घेतला नाही. या वयात नोकरी गेली तर माणूस जाणार कुठे? मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला सगळं ऑफिस त्यांच्या खुर्चीमागे उभं. बापूंनी हार उतरवला, मशीनला हात जोडले.

"देवास!" हुकुम. "धार!" हुकुम. "खंडवा!" हुकुम.

"मानपूर!" रुसला. सेठजींनी घड्याळाकडे पाहिलं.

"मानपूर! अरे, बोल की रे!" बापूंचा आवाज फाटला, त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि उमटलं, हुकुम!

अशा टाळ्या पडल्या म्हणता! मी तर टेबलावर चढलो. सेठजीसुद्धा विरघळले. "मान गए, दिघेजी. अगले साल मेरे कमरेवाले को भी हार चढ़ाना."

बापू मात्र डोळे पुसत होते. मी म्हटलं, "बापू, नोकरी वाचली की! आता कशाला रडता?"

"नोकरीचं नाही रे, भिया. मिलमध्ये असेच माग पुजले होते आम्ही. दुसऱ्या दिवशी गेलो तर गेटला ताला."

"मग पुन्हा हार घातलेतच कशाला?"

बापूंनी हातातला सुकलेला झेंडू खिशात ठेवला.

"एकदा आपल्या हातानं उतरवायचा होता."