तीन शब्दांनंतर

मेहेर सर तीन शब्द बोलतात आणि थांबतात. पुढचा शब्द येईपर्यंत समोरचा माणूस चुळबुळतो, पाय बदलतो, शेवटी स्वतःच काहीतरी बोलून बसतो. मी दर कमी करून बसले.

ते मला अजून पचलेलं नाही. मनोरकडच्या डोंगरातून आलेली मी. हातगाडीवर सिलिंडर ढकलत बोईसरला गॅसचा धंदा उभा केला. कारखान्यांतल्या भल्याभल्या खरेदीवाल्यांना घाम फोडला. आणि हा सातपाटीचा सडपातळ माणूस, "ताई, तुमचा दर..." एवढंच म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी थोडी उतरले. तो गप्पच. मी आणखी उतरले. त्यानं मान हलवली. असा सौदेबाज मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मेहेर सर एका लहान प्रयोगशाळेत पेशी वाढवतात. पोटाच्या ऑपरेशनात निघालेली चरबी लोक राजीखुशीनं देतात, तिच्यातल्या या पेशी. पुढेमागे जखमा भरायला उपयोगी पडतील म्हणून त्यांच्यावर काम चाललंय. ज्या चरबीला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिची इतकी बडदास्त बघून मला स्वतःच्या पोटाबद्दल जरा आदर वाटू लागला.

पेशींच्या दोन पेट्या आहेत. एकीत आपली नेहमीची हवा. दुसरीत मी पुरवते तो नायट्रोजन भरून प्राणवायू कमी केलेला.

"गुदमरत नाहीत का हो?" मी विचारलं होतं.

"चरबीत त्या असतात..." थांबा. "तिथे हवा थोडीच..." थांबा. "मोकळ्या हवेत दमतात."

कमी हवेत त्या उशिरा म्हातार्‍या होतात, जखम भरून आणणारी द्रव्यंही जास्त सोडतात, असं ते म्हणाले. मात्र अगदीच कमी केली तर मरतात. ते नेमकं माप सांभाळण्यात सरांचा दिवस जातो. पेटीचं दार उघडण्याआधी ते दोन बोटांनी हलकेच टकटक करतात, आतलं कुणी दचकू नये म्हणून. दार पटकन लावतात. "हवेला घाई असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. लांबट, निमुळत्या पेशी, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या भरतीची वाट बघत असाव्यात, तशा. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. भानावर आले तेव्हा माझा रागही जरा पातळ झाला होता. तो घरी जाऊन मी पुन्हा घट्ट केला.

शेवटी ठरवलं: जुना दर, नाहीतर सोमवारपासून सिलिंडर बंद. महिनाभर जपलेली ती पेटी, नायट्रोजन संपला की साध्या हवेच्या पेटीसारखीच होणार, सगळी तुलना पाण्यात. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर ठरवलं. फोनवर ते पुन्हा थांबले असते आणि मी पुन्हा हरले असते. म्हणून रविवारी दुपारी थेट सातपाटीला त्यांचं घर गाठलं.

बाहेर बोंबील सुकत होते. घरात एक यंत्र संथ घुरघुरत होतं. खिडकीशी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, नाकाला प्राणवायूची नळी. शेजारी पाटावर मेहेर सर लसूण सोलत होते.

"ही जयवंती," ते म्हणाले.

"या बाय, बसा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. श्वास घेतला. "तुमीच ना गॅसवाल्या?" पुन्हा श्वास. "यांच्या पेशींना कमी..." श्वास. "मला हवा जास्त..." श्वास. "नवरा हाय मधोमध." आणि हसल्या.

सर लगेच हसले नाहीत. त्यांचं हसू बायकोचा श्वास पुरा होईपर्यंत थांबलं होतं, मग आलं.

"त्या पेशींनी तुम्हाला...?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्यासाठी नाय ते. हे खोटी आशा..." श्वास. "कुणाला देत नाय."

सर लसूण घेऊन आत गेले, तेव्हा त्या माझ्याकडे वाकल्या. "पयले लय भरभर बोलायचे. माझी फुप्फुसं गेली..." श्वास. "तवापासून माझ्यासंगं थांबतात. मी मागं पडू..." श्वास. "नये म्हणून. आता सवयच झाली. तुमच्या दराला 'ठीक हाय'..." श्वास. "म्हणायचं व्हतं त्यांना. तुमी बोलूच दिलं नाय!"

मी कपाळाला हात लावला. जयवंतीबाई हसता हसता धापा टाकू लागल्या. आतून सर धावत आले, बाईंच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. श्वास जागेवर आला तसं त्यांनी मला विचारलं, "ताई, काम काय..."

मी तोंड उघडलं. यंत्र घुरघुरत होतं. दोघं माझ्याकडे बघत होती, कसलीही घाई नसल्यासारखी.

"सोमवारी सिलिंडर सकाळी..." मी म्हणाले. थांबले. बाईंचा श्वास पुरा होऊ दिला.

"पाठवते."