वाघाची सुधारित खिडकी

एका जंगलात पाणवठा एकच होता आणि तहान मात्र सगळ्यांना लागायची. हरणांना लागायची, वाघालाही लागायची. अडचण एवढीच होती, की पाण्यावर आलं की वाघाला भूकही लागायची.

तरी सगळ्यांचं बरं चाललं होतं. पाण्याकाठच्या जांभळावर एक म्हातारं वानर बसलेलं असायचं. वाघ दिसला की ते खॅक् खॅक् ओरडायचं. मग हरणं पळायची आणि वाघ नुसतं पाणी पिऊन घरी जायचा.

मग शेजारच्या जंगलात कॅलेंडर आलं. शेजारी आलं म्हणजे आपल्याकडे यायलाच हवं. एका वडाच्या ढोलीत सर्व्हर बसवला. घाबरू नका मुलांनो, सर्व्हर म्हणजे फार काही नाही. कोण कधी पाण्यावर जाणार ते सगळ्यांनी ढोलीला सांगायचं आणि ढोलीने ते सगळ्यांना सांगायचं. वानराला म्हणाले, "आजोबा, आता ओरडू नका. लोकांना त्रास होतो."

ढोलीत काय आहे ते बघायला प्रत्येकाला एक खिडकी दिली. गवताची विणलेली, जाल तिकडे बरोबर न्यायची. पण सगळ्यांना एकसारखीच दिली. घुबडाचे डोळे दिपले. हत्तीला तीत काही दिसेना, म्हणून त्याने सोंड घातली, तर खिडकी सोंडेतच अडकली. तेव्हा ठरलं, की ज्याला जशी हवी तशी खिडकी करून द्यायची. ते काम विणेकर नावाच्या सुगरण पक्ष्याकडे गेलं.

इथे मी जरा मध्येच बोलतो. मी स्वतः याच धंद्यात आहे, फक्त माझ्या खिडक्या संगणकाच्या पडद्यावर असतात. माझ्या आईने एकदा विचारलं, "तू नेमकं करतोस काय?" मी तिला तासभर समजावून सांगितलं. तेव्हापासून ती सोसायटीत सांगते, की आमचा मुलगा खिडक्या बसवतो, आणि लोक मला मच्छरजाळीचा भाव विचारतात. म्हणून विणेकराला हसायचं तर जरा जपून हसा. तो आमच्यातला आहे.

आमच्यात अशी पद्धत आहे, की ज्याच्यासाठी काम करायचं त्याला आधी भेटायचं. त्याचं सगळं ऐकायचं, मान डोलवायची आणि मग आपल्या मनात आधीपासून असतं ते करायचं.

विणेकर सगळ्यांना भेटला. घुबड म्हणालं, "काळोखी खिडकी दे." कासव म्हणालं, "मला एका नजरेत शंभर वर्षं दिसली पाहिजेत." चिलट म्हणालं, "मला फक्त आजचा दिवस दाखवा. संध्याकाळ नाही दाखवलीत तरी चालेल." विणेकराला भरून आलं.

मग हरणी आली. तिच्या पायाशी नुकतंच जन्मलेलं पाडस होतं.

"दादा, वाघ पाण्यावर आहे की नाही, एवढंच मला दिसू दे. पाण्यावाचून माझं दूध आटत चाललंय."

"रंग कोणता देऊ?"

"कोणताही द्या."

"असं नाही चालत, ताई. हिरवा देतो. डोळ्यांना थंड असतो."

सगळ्यांत शेवटी वाघ. त्याच्याशी विणेकर उंच फांदीवरूनच बोलला.

"मी कधी कुठे जातो ते कुणाला कळता कामा नये," वाघ म्हणाला. "बाकीचे कधी कुठे जातात ते मला कळलं पाहिजे."

"रास्त आहे, सरकार," विणेकर म्हणाला.

आता हरणीला वाघाची वेळ हवी आणि वाघाला ती सांगायची नाही. विणेकर खोप्याला उलटा लटकून विचार करत राहिला आणि त्याला युक्ती सुचली. वाघ पाण्यावर असेल तेव्हा हरणीच्या खिडकीत नुसतं ‘वाघ : व्यस्त’ असं दाखवायचं. कुठे, कशात, ते नाही. हरणीला माहिती मिळाली आणि वाघाचा मानही राहिला. एका दगडात दोन पक्षी. ही म्हण विणेकराला आवडत नसे, पण त्या दिवशी त्याने ती चालवून घेतली. त्याने बायकोला खिडकी दाखवली. बायको म्हणाली, "हिरवा छान आहे."

दुसऱ्या दिवशी टळटळीत ऊन पडलं. हरणीने खिडकीत पाहिलं. वाघ व्यस्त होता.

"बरं झालं," ती पाडसाला म्हणाली. "कामात आहे म्हणजे इकडे फिरकायचा नाही. चल."

वानराला जांभळावरून लव्हाळ्यातले पट्टे दिसत होते. पण ओरडू नका असं सांगितलेलं. ते मुकाट्याने पाला खात बसलं.

वाघ लव्हाळ्यात दबा धरून होता. त्याचं काम त्याच्याकडेच चालत येत होतं. त्याने मागचे पाय आखडले. तेवढ्यात पुढ्यातली खिडकी किणकिणली.

‘आपल्या राखीव वेळेत हरणी (पाडसासह) आली आहे. स्वीकारा. नाकारा. कदाचित.’

वाघाला स्वीकारायचंच होतं. पण बटणं विणेकराच्या चोचीच्या मापाची होती. पंजाखाली तिन्ही आली आणि दाबलं गेलं ‘कदाचित’.

‘कदाचित का? कारण लिहा.’

वाघाने डरकाळी फोडली. हरणी आणि पाडस पाण्याला तोंड न लावताच पळाली.

वाघ तसाच विणेकराच्या झाडाखाली आला. "खिडकी नीट कर," तो म्हणाला. "तुझा खोपा कुठल्या फांदीवर आहे ते मला माहीत आहे."

तो गेल्यावर हरणी आली.

"व्यस्त म्हणजे पाण्यावर, हे सरळ लिहायला काय झालं होतं?"

"पुढच्या आवृत्तीत बघू, ताई."

"आणि हे काय करताय?"

"सरकारांची खिडकी दुरुस्त करतोय."

"अहो, तिच्या बिघाडानेच माझं पाडस वाचलं! राहू दे ना तशीच."

"तशी ठेवली तर माझं नाव जाईल."

"आणि नीट केलीत तर माझं पाडस जाईल."

विणेकराला लाज वाटली. खरंच वाटली. पण चोच काही थांबली नाही. मला सांगायला बरं वाटत नाही, पण मीही हेच केलं असतं.

या वेळी विणेकराने कामात जीव ओतला. बटणं पंजाएवढी केली. चुकून भलतंच दाबलं जाऊ नये म्हणून एक जादा प्रश्न घातला. वाघाला मजा वाटू लागली. त्याला चौकटीवर स्वतःसारखे पट्टे हवे झाले. शिकारीचं वजन नोंदवायला जागा हवी झाली. ती चवीला कशी लागली ते सांगायला चांदण्या हव्या झाल्या. विणेकर "होय, सरकार" म्हणायचा आणि विणायचा.

तोवर हरणीने ओल्या मुळ्या चघळून दिवस काढले. शेवटी पाडसाला उभं राहवेना. मग ती जिवावर उदार होऊन पाण्यावर आली.

वाघ लव्हाळ्यातच होता. खिडकी किणकिणली. त्याने ‘स्वीकारा’ दाबलं. एका फटक्यात लागलं.

‘नक्की का?’

नक्की.

‘आई, पाडस की दोन्ही?’

दोन्ही.

‘अंदाजे वजन?’

वाघाने मान तिरकी करून हरणीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा हरणीकडे.

‘ही वेळ दर आठवड्याला राखून ठेवायची का?’

हा प्रश्न वाघाला फार आवडला. तो वार निवडत बसला.

सगळं भरून झालं. चौकटीवरचे पट्टे चमकले. ‘अभिनंदन! आपल्या शिकारीची नोंद झाली आहे.’ वाघाने समाधानाने मान वर केली. पाण्यावर कुणीच नव्हतं. हरणी पोटभर पाणी पिऊन, पाडसाला पाजून केव्हाच निघून गेली होती.

वाघ चिडला नाही. नोंद झाली होती ना! त्याने सगळ्या चांदण्या दिल्या आणि आणखी एक सुधारणा मागितली.

त्या उन्हाळ्यात वाघ वाळत गेला आणि हरणीचं पाडस बाळसं धरू लागलं. हरणांनी विणेकराचा सत्कार ठेवला. हत्तीने नारळ आणला. हरणी म्हणाली, "दादा, मी तुम्हाला मनातल्या मनात फार बोलले. चुकलं माझं." विणेकराने भाषण केलं. पहिल्या दिवसापासून आपल्या नजरेसमोर फक्त हे पाडस होतं, असं सांगताना त्याचा आवाज जड झाला.

मुलांनो, तुम्ही हुशार आहात. तुम्हाला वाटेल, विणेकराने वाघाला मुद्दाम गुंतवून ठेवलं. नाही हो, एवढी अक्कल आमच्यात कुठली? शिकार सोपी व्हावी म्हणून त्याने अगदी मनापासून काम केलं होतं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं ते. भाषण संपताच तो हार काढून घाईघाईने निघाला. वाघाला वजनाच्या शेजारी उंचीही हवी होती.

तात्पर्य : दुबळ्यांना वाचवायचं असेल तर त्यांचं ऐकत बसू नये. बलवानाला मागेल ती सोय मनापासून करून द्यावी. पुढचं आमचं कौशल्य बघून घेतं.