पैसे पाठवण्याचे सत्तावीस निकष

पैसे पाठवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कधी नीट पाठवलेले नसतात. नुसते पाठवलेले असतात.

शरच्चंद्र लेले यांना हा फरक कळत होता. विक्रोळीच्या एका साबणाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं दर्जा तपासला होता. (त्यांनी नापास केलेल्या वड्यांत अर्धं मुलुंड आंघोळ करून निघालं असतं.) निवृत्तीनंतर मुलुंड पूर्वेच्या घरात तपासण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पत्नी शुभाताईंनी स्वतःला तपासू देणं एकोणीसशे ब्याण्णव सालीच बंद केलं होतं.

अशात एका सोमवारी संधी चालून आली. त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या द्रौपदीबाईंच्या मुलीला, किरणला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी अठरा हजार, मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कॉलेज रोख घेत नव्हतं. पैसे थेट त्यांच्या खात्यात यायला हवे होते. द्रौपदीबाईंचं खातं पतपेढीत, आणि पतपेढीचा संगणक गणपतीपासून बंद होता.

"मी भरतो," शरच्चंद्र म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे नमूद केलं पाहिजे. माणूस चांगला होता. फक्त हा चांगुलपणा कोणत्या बँकेतून करावा, एवढंच ठरायचं होतं.

त्यांची खाती तीन बँकांत होती. (मोबाइलवरून पैसे देणं त्यांना भाजीवाल्यापुरतं मान्य होतं, शिक्षणासारख्या गोष्टीला वेबसाइटच हवी.) तिन्ही वेबसाइट पारखायच्या आणि जी पहिली येईल तिच्यावरून फी भरायची, असं ठरलं. वहीत सत्तावीस निकष आखले गेले, प्रत्येकाला दहा गुण. चाचणीसाठी शुभाताईंच्या खात्यावर एकेक रुपया पाठवायचा, कारण ते खातं तिन्हीकडे आधीपासून जोडलेलं होतं.

मंगळवारी पहिली बँक. तिचं पहिलं पान घरासाठी कर्ज, गाडीसाठी कर्ज, सोन्यावर कर्ज आणि हे सगळं घेऊनही हसणारं एक कुटुंब यांनी भरलेलं होतं. 'पैसे पाठवा' हे बटण कुटुंबातल्या आजोबांच्या चपलेखाली सापडलं. (वेळ: सव्वीस मिनिटं.) पुढे नऊ चित्रांतून सिग्नल असलेली चित्रं निवडून आपण यंत्र नाही हे सिद्ध करायचं होतं. शरच्चंद्रांनी सिग्नलचा खांबही धरला आणि ते दोनदा यंत्र ठरले. तिसऱ्यांदा माणूस ठरल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी शुभाताईंना हाक मारून सांगितलं.

"गेले काय ओ पैसे, काका?" चहा ठेवताना द्रौपदीबाईंनी विचारलं.

"एक रुपया गेलाय. तपासणी चालू आहे."

बुधवारी दुसरी बँक. हिचा ओटीपी तीस सेकंदांत भरावा लागे. संगणक बाहेरच्या खोलीत आणि मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात, त्यामुळे द्रौपदीबाई लाटणं टाकून आकडे ओरडून सांगत. मुलीची फी या आकड्यांवर अडली आहे असं वाटून त्या जीव तोडून ओरडत. (सहाही आकडे चौथ्या मजल्यावर ऐकू गेले. गोपनीयता: दहापैकी चार.) त्या दिवशी दोन पोळ्या करपल्या, पण रुपया गेला.

त्या रात्री जेवताना शुभाताई म्हणाल्या, "अहो, आधी भरून टाका ना. मग काय ते गुण देत बसा."

"आणि नंतर दुसरीच बँक पहिली आली तर?"

शुभाताईंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. (अशा प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून तर समित्या चालतात.)

गुरुवारी तिसऱ्या बँकेने सुरक्षा प्रश्न विचारला: आपल्या आवडत्या शिक्षकांचं नाव काय? खरं उत्तर शरच्चंद्रांनीच अकरा वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं, पण आवडते शिक्षक मध्यंतरी बदलले होते. तीन चुकीच्या शिक्षकांनंतर वेबसाइट दुसऱ्या दिवसापर्यंत बंद झाली. बँकेचा हा करारीपणा त्यांना फार आवडला. दहापैकी दहा.

शुक्रवारी तिसरा रुपया गेला आणि चार वाजून वीस मिनिटांनी बेरीज झाली. साडेतीन गुणांच्या फरकाने एक बँक पहिली आली. शरच्चंद्रांनी हात धुतले, चष्मा पुसला, विजेत्या वेबसाइटवर कॉलेजचं खातं जोडलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. अभिनंदन! नवीन खात्यावर चोवीस तासांनंतर पैसे पाठवता येतील.

हा निकष क्रमांक एकोणीस होता. नवख्या खात्यावर घाईने पैसे जाऊ न देण्याची ही दक्षता तिन्ही बँका घेत होत्या, आणि त्याबद्दल त्यांनी तिघींनाही पैकीच्या पैकी गुण दिले होते.

द्रौपदीबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "गेले काय ओ?"

"उद्या जातील," शरच्चंद्र म्हणाले. त्यांना लाज वाटली. सत्तावीस निकषांत तिची नोंद करायला जागा नव्हती.

शनिवारी पैसे अकरा सेकंदांत गेले. शेऱ्याच्या रकान्यात विद्यार्थिनीचं नाव लिहायचं होतं; ते आठवेना, म्हणून त्यांनी 'द्रौपदीची मुलगी' असं लिहिलं. सोमवारी पैसे परत आले. मुदत संपली होती आणि जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. (परताव्याचा वेग: दहापैकी दहा.) द्रौपदीबाईंनी त्या दिवशी पोळ्या नेहमीसारख्याच केल्या. फक्त चहा ठेवताना त्यांनी काही विचारलं नाही.

तक्ता आता सोसायटीच्या फलकावर लागला आहे. आजवर चौसष्ट जणांनी येऊन विचारलं, "काय हो लेले, पहिली कोण आली?" आणखी कशाबद्दल कुणी विचारलेलं नाही.

वाचकांनाही तेच विचारायचं आहे, याची कल्पना आहे. जरूर सांगू. त्याआधी, केवळ आपल्याच सुरक्षिततेसाठी, एक साधा प्रश्न. वर न पाहता सांगा: द्रौपदीबाईंच्या मुलीचं नाव काय?

उत्तर चुकल्यास आपण चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करू शकता. तिला पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागेल.