घोट्याला नळी लावणारे डॉक्टर

वामनराव डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलं तरी ते आधी पायाचा घोटा पाहायचे.

"काऊन बे, पाय मुरगळला होता का कधी?"

"मले हिवताप आला हाये, डाक्टरसाहेब."

"ताप उतरन. घोटा दाखव आधी."

मग नळी छातीऐवजी घोट्याला लागायची. डॉक्टर डोळे मिटून ऐकत बसायचे. कोणी खोकलं की ओरडायचे, "चूप बसा! घोटा बोलून राह्यला!" धामणगाव बढे या गावात तेव्हा तेवढेच एक डॉक्टर. लोक मुकाट्यानं जोडे काढायचे आणि बाहेर येऊन पोट धरून हसायचे. मीही हसायचो. मी शाळेत मास्तर होतो, त्यांच्या शेजारीच खोली घेऊन राहायचो.

आता घोट्याचीही सोनोग्राफी होते. आवाजाच्या लहरींनी हाडांना जोडणारा आतला तुटका बंध पडद्यावर दिसतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा नुसता फोटो निघायचा, तोही बुलढाण्याला जाऊन, आणि त्यात दिसायचं फक्त हाड. डॉक्टरांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, पाय एस.टी.तून उतरताना मुरगळला. फोटो काढला. हाड शाबूत! "चालत राह्य, मोकळा होईन," डॉक्टरच म्हणाले. काकू चालल्या. सपाट अंगणातही पाय दगा द्यायचा, त्या पडायच्या. शेवटी त्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं. डॉक्टरांना हा नाद लागला तो तेव्हापासून.

एकदा व्हॉलीबॉल खेळताना माझाच पाय मुरगळला. लंगडत त्यांच्या घरी गेलो, तर डॉक्टर जमिनीवर बसलेले, काकूंचा पाय मांडीवर, नळी कानात.

"काही आयकू येते का?" काकूंनी विचारलं.

"हाव. भरून येऊन राह्यलं. दिवाळीले सोनाळ्याले जाशीन तू, मायले भेटाले."

काकू हसल्या. तेवढ्यात दवाखान्यातून हाक आली आणि डॉक्टर उठून गेले.

"बरं झालं, काकू," मी म्हणालो.

"काय बरं झालं, मास्तर? नळीतून काहीच आयकू येत नाही. त्याईले ठाऊक हाये, मले बी ठाऊक हाये." त्यांनी लुगडं पायावर ओढून घेतलं. "मागच्या दिवाळीले बी हेच म्हनले होते."

"मग विचारता कशाला?"

काकूंनी दाराकडे पाहिलं.

"एक दिवस नाही इचारलं, तं नळी हातात धरून रडत बसले."