एकमेव प्रमाणित निर्व्यसनी

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. प्रगत समाज घोट्यावर विश्वास ठेवतो.

त्यानुसार दोन हजार बावीस साली कोर्टाने आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या परीक्षितच्या पायात एक काळा पट्टा अडकवला. (मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला; पिऊन गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात घातली.) हा पट्टा दर अर्ध्या तासाने घाम हुंगतो आणि दारू सापडली की थेट प्रोबेशन ऑफिसरकडे चुगली करतो. मग पुन्हा कोर्ट, बहुधा तुरुंग. लायसन्स तर आधीच गेलेलं.

आमच्या मराठी मित्रमंडळाने हे प्रकरण फार प्रगल्भतेने हाताळलं. त्याला वाळीत टाकलं नाही. फक्त लांब मोजे घालून येत जा, असं सुचवलं. (बायकामुलं असतात.)

रविवारी दुपारी डॉक्टर पुरुषोत्तमरावांकडे जेवण होतं. पुरुषमंडळी ग्लास हातात घेऊन परीक्षितच्या अधःपतनावर चर्चा करत होती. हजर अकरा पुरुषांपैकी शुद्धीवर एकच होता, आणि गुन्हेगारही तोच. आकडेवारी इतकी स्वच्छ क्वचितच मिळते.

निघताना परीक्षित म्हणाला, "काका, मी मिनीकॅब बुक करतो. आर्या पण आहे बरोबर." आर्या त्याची मुलगी, वय वर्षं चार.

"मिनीकॅब? माझ्या घरून? अरे, मी ड्रॉप करतो ना!" डॉक्टर किल्ली शोधू लागले. (ती हातातच होती.) उभा जन्म हॉस्पिटलच्या अपघात विभागात गेल्यामुळे अपघातांचं त्यांना फारसं काही वाटत नाही.

"काका, तुम्ही ड्रिंक्स घेतलीयेत," परीक्षितची बायको देवयानी म्हणाली.

इतकं असभ्य आमच्यात कुणी बोलत नाही. शेवटी डॉक्टरांच्या पत्नी श्यामलाकाकूंनी सावरून घेतलं. "अगं, पट्टा ह्यांच्या पायात आहे का? नाही ना? मग!"

या युक्तिवादापुढे कोर्टानेही हात टेकले असते. वडीलधाऱ्यांचं मन मोडू नये म्हणून देवयानीने आर्याला मागच्या सीटवर बसवलं आणि तिचा बेल्ट दोनदा ओढून पाहिला. मला भीती वाटली. ती मी गुलाबजामाबरोबर गिळली.

गाडी मागे घेताना दारातली कुंडी फुटली. सगळे मनमुराद हसले.

तुम्हीही अशा एखाद्या दारात उभे होतात, आठवून बघा. आम्ही हात हलवत जे ओरडलो, तेच तुम्हीही ओरडलात, अगदी मायेनं: "पोचलात की फोन करा हं!"