एकेचाळीस पाट्या

"काका, खडूच्या खुणा कुठं गेल्या?" रंगाऱ्यानं माळीकाकांना विचारलं.

बागेला शंभर वर्षं होत होती, म्हणून झाडांच्या नावांच्या एकेचाळीस पाट्या रंगवायला काढल्या होत्या. कुठली पाटी कुठं लावायची, त्याचे आकडे रंगाऱ्यानं खोडांवर खडूनं टाकलेले. आणि बाग लखलखीत दिसावी म्हणून काकांनी काल नळी लावून एकूणएक खोड धुऊन काढलं होतं! झाडं बहुतेक जहाजातून आलेली, परमुलखातली. त्यांची कीड, तहान, पानगळ काकांना तोंडपाठ. नावं मात्र पाट्यांनाच ठाऊक.

"बागेच्या साहेबांना सांगून टाका."

"सांगतो हं! निवृत्तीला चार महिने राहिलेत. 'एक चूक झाली की बागेतली खोली खाली करा,' म्हणालेत. म्हातारीला घेऊन कुठं जाऊ? ठोक तू. देवाचं नाव घे आणि ठोक."

दुपारी साहेब आले ते बागेचा इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकबाईंना घेऊनच. बाई पाटीपुढं थांबायच्या, हातातलं नवंकोरं पुस्तक उघडायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. प्रत्येक "हं"ला काका अर्धे मरत होते.

"या झाडाचा काही किस्सा?" साहेबांनी विचारलं.

"आहे ना!" भीतीपोटी काकांनी ठोकून दिलं. "याच्यावर वीज पडली होती."

"आणि याचा?"

"याच्यावर... याच्यावरपण पडली होती."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते बाजूला होताच बाईंनी काकांचं मनगट धरलं आणि त्यांना पंपघराच्या मागं ओढलं. संपलं! गेली खोली.

"बाई, चुकलो. पदरात घ्या!"

"हळू बोला हो! तुम्ही कसले चुकताय? तीस वर्षं बागेत आहात." बाई कुजबुजल्या. "चुकले मी. उन्हात कोण फिरणार, म्हणून रंगाऱ्याकडं बसून, पोत्यातून पाट्या निघाल्या त्याच क्रमानं ओळीनं झाडांची नावं लिहून घेतली. एकही जुळत नाही! हजार प्रती छापून झाल्यात, वर साहेबांची प्रस्तावना. ते मला जिवंत सोडणार नाहीत. काका, उद्याच्या समारंभाआधी पाट्या पुस्तकाप्रमाणे लावाल?"

काकांच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ थोडा भावही.

"अवघड काम आहे. पण तुमच्यासाठी बघतो." त्यांनी पुस्तक घेऊन पानं चाळली आणि दचकलेच. "अहो बाई, फाटकाजवळचं झाड तुम्ही फणसाचं केलंय. ते आंब्याचं आहे!"

"तेवढं घ्या ना चालवून."

"चालवून काय घ्यायचं? कैऱ्या लगडल्यात त्याला!"

बाईंनी वळून साहेबांचा फोन संपला का ते पाहिलं.

"मग त्या उतरवून टाका. आजच."